‘काम बघून देऊ काहीतरी’ म्हणणाऱ्या दुकानात मी जाऊ का?

ताई, नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातल्या एका गावात राहते. वय १६. दहावी पास झाले, आता अकरावी सायन्सला जाणार. वर्ग सुरू होईपर्यंत घरात बसून राहण्यापेक्षा काम करावं असं वाटतं. क्लासची निम्मी फी तरी मला स्वतःच्या पैशांनी भरायची आहे. तीन ठिकाणी विचारून झालं. मैत्रिणीच्या ओळखीने मोरजीला किनाऱ्यावरच्या एका शॅकवर, म्हणजे झोपडीवजा हॉटेलात, काम आहे, संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, महिना १०,००० रुपये आणि टिप वेगळी. पेडण्याच्या बाजारात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं एक दुकान आहे, तिथे सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते आठ. पगाराचं विचारलं तर मालक म्हणाले, ‘काम बघून देऊ काहीतरी.’ तिसरं व्हॉट्सॲपवर आलेलं टायपिंगचं काम, घरी बसून करायचं, पण आधी १,५०० रुपये भरायचे. बाबा गवंडीकाम करतात. ते यातल्या कशालाच तयार नाहीत. म्हणतात, ‘माझ्या आईचं उभं आयुष्य भाटकाराच्या खळ्यात गेलं. माझी मुलगी दुसऱ्याच्या दारात उभी राहणार नाही.’ आई काहीच बोलत नाही. मी काय करू?

ता. क. दुकानात कामाला जाताना कपडे कसे घालायचे असतात?

– एक विद्यार्थिनी, पेडणे तालुका

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बाबांच्या वाक्यापाशी थांबले. म्हणून कामांचं नंतर बोलू, आधी बाबांचं.

त्यांचा नकार हा हट्ट नाही. आपल्या गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर असलेल्या मुंडकाराच्या बायकामाणसांनी काय सोसलं, ते त्यांनी आपल्या आईच्या हातांवर पाहिलेलं आहे. निरोप आला की हातातलं टाकून जायचं. भात झोडायचं असो, नारळ गोळा करायचे असोत की लग्नघरची भांडी असोत. मजुरी किती हे विचारायचं नाही, कधी सुटणार हे विचारायचं नाही आणि ‘आज जमणार नाही’ असं म्हणायचं तर डोक्यावरचं छप्पर जाण्याची भीती. १९७५ साली मुंडकार कायदा आला, तेव्हा कुठे राहत्या घरातून हुसकावून लावण्यापासून संरक्षण मिळालं. पण कायदा आला म्हणून आईला राबताना बघितलेल्या मुलाच्या मनातली सल जात नाही. तुझे बाबा स्वतः गवंडी आहेत, रोज दुसऱ्यांची घरं बांधतात. कामाची त्यांना लाज नाही. त्यांना भीती आहे ती त्या जुन्या राबण्याची.

आता हेच नीट धरून ठेव. तुझ्या आजीच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या नव्हत्या: ठरलेली मजुरी, ठरलेली वेळ आणि नाही म्हणायची सोय. तुझ्यासमोरचं प्रत्येक काम मी याच तीन गोष्टींनी तपासणार आहे, आणि बाबांशी बोलशील तेव्हा तूही याच शब्दांत बोल. ‘मला कमवायचंय’ म्हणालीस तर ते ऐकणार नाहीत. ‘बाबा, आजीला जे विचारता आलं नाही ते मी आधी विचारून घेणार आहे, आणि तुम्ही माझ्याबरोबर या’ असं म्हणालीस तर बहुतेक ऐकतील. आजी हयात असेल तर तिच्यासमोरच हा विषय काढ. आई गप्प आहे म्हणजे ती विरोधात आहे असंही समजू नकोस. तिला एकटीला गाठून विचार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८६च्या मे महिन्यात मी तुझ्याच वयाची होते आणि म्हापशाला एका कापडाच्या दुकानात महिनाभर उभी होते. पगाराचं विचारलं तेव्हा मालक हसून म्हणाले, “दितां गो कितें तरी.” देतो गं काहीतरी. घरच्यांची ओळख होती, मोठा माणूस होता, पुढे विचारणं मला उद्धटपणाचं वाटलं. सकाळी साडेआठला जायचे, दिवे लागले तरी सुटका नसायची. गिऱ्हाईक पंचवीस साड्या उलगडून एक घ्यायचं किंवा एकही घ्यायचं नाही, आणि उरलेल्या चोवीस पुन्हा जुन्या घडीवर घडी पाडून रचायच्या. काठ काठावर आला नाही तर घडी फुगते, मग ती फळीत बसत नाही. महिना संपला तेव्हा मालकांनी गल्ल्यातून काही नोटा काढल्या, त्यावर एक ब्लाउजपीस ठेवला आणि “पुढल्या वर्षी पण ये हां” म्हणाले. नोटा मी बसस्टँडवर मोजल्या. येण्याजाण्याचं भाडं वजा केलं तर हातात जवळजवळ काही उरत नव्हतं. भांडायला जागाच नव्हती, कारण काही ठरलेलंच नव्हतं. तो ब्लाउजपीस मी कधी शिवला नाही.

पुढल्या मेमध्ये मी वह्यापुस्तकांच्या एका दुकानात गेले आणि घशाला कोरड पडलेली असताना विचारलं, “किती देणार आणि कुठल्या तारखेला?” मालकांनी वर पाहिलं, एक आकडा सांगितला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवला. बस, इतकंच. कोणी रागावलं नाही, कोणी मला उद्धट म्हटलं नाही. त्या वर्षी ३१ तारखेला मला तो आकडा जसाच्या तसा मिळाला.

आता कायदा सांगते, कारण तो माझ्या वेळी असा नव्हता. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६च्या डिसेंबरात आला, पण त्यात १४ वर्षांखालच्या मुलांचाच विचार होता. १४ ते १८ या वयाचा विचार २०१६च्या दुरुस्तीने झाला. बालकलाकार सोडले तर १४च्या खालच्या मुलाला कुठेच कामाला ठेवता येत नाही; घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करता येते, तीही धोक्याची नसेल तरच. तू १६ वर्षांची आहेस, तेव्हा खाणी, स्फोटकं, भडकणारे पदार्थ आणि कारखान्यातली धोक्याची कामं सोडली तर तुला काम करता येतं. पण वेळेची बंधनं आहेत आणि ती तुझ्या बाजूने आहेत. सलग तीन तासांहून जास्त काम नाही, त्यानंतर एक तास विश्रांती. विश्रांती आणि काम नसताना नुसतं थांबून राहणं धरून दिवसाचे सगळे मिळून सहा तास, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. अशा वयाची मुलं कामाला असतील तर मालकाने त्यांच्या जन्मतारखेसकट नोंदवही ठेवायची असते.

हे वाचल्यावर शॅकचा निकाल तुझा तूच लावशील. सहा ते अकरा ही वेळच बसत नाही. तिथे दारू दिली जाते, आणि गोव्यात १८ वर्षांच्या आतल्यांना दारू विकताही येत नाही. मग १६ वर्षांच्या मुलीने प्यालेल्या माणसांच्या टेबलांमधून ताट घेऊन फिरावं असं कोण म्हणेल? रात्री अकरानंतर मोरजीहून तू घरी कशी येणार, हे तू लिहिलं नाहीस. बहुधा त्याचा विचार अजून कोणीच केलेला नसावा. मैत्रीण जाते म्हणून जाऊ नकोस. ती तुझ्याच वयाची असेल तर तिलाही हे पत्र वाचायला दे. रागवायला नको, नुसतं वाचायला दे. तिला तिथे कोणी त्रास देत असेल आणि घरी सांगता येत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

येण्याजाण्याचा विषय निघाला आहे तर स्कूटरचंही सांगते. आपल्याकडे दहावी झाली की काकाची नाहीतर भावाची स्कूटर हातात येते आणि त्यावरच डिलिव्हरीची कामं सुचतात. १८च्या आत नेहमीच्या स्कूटरचं लायसन्स मिळत नाही. पकडलं गेलं तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि चालवणाऱ्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. दंड हा एक भाग झाला. आपल्या अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यांवर दर वर्षी किती मुलं जातात ते तू वर्तमानपत्रात वाचतेसच. बसच्या वेळेत बसेल असंच काम घे.

व्हॉट्सॲपवरच्या टायपिंगला एका वाक्यात नाही म्हण. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. १,५०० भरलेस की पुढे ‘तुमच्या चुका निघाल्या, दंड भरा’ सुरू होतं. याच्याहून वाईट एक प्रकार आहे: ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, तुला कमिशन.’ ते पैसे दुसऱ्या कोणाला फसवून आणलेले असतात, आणि पोलिसांचा माग पहिल्यांदा तुझ्या खात्यापर्यंत येतो. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३०ला फोन करायचा. जितका उशीर तितके ते परत मिळणं कठीण.

राहिलं झेरॉक्सचं दुकान. हे काम मला आवडलं. बाजारात आहे, दिवसाचं आहे, चार ओळखीची माणसं येतात-जातात, आणि जूनच्या तोंडावर दप्तरं, वह्या, रेनकोट, छत्र्यांची झुंबड उडाली की मालकांना खरोखरच हाताखाली माणूस लागतं. पण नऊ ते एक आणि चार ते आठ हे त्यांच्या दुकानाचं वेळापत्रक आहे, तुझं होऊ शकत नाही. दुपारी दुकान बंद असलं तरी दिवसाचे अकरा तास त्यात अडकतात. तू नऊ ते बारा माग. गर्दी संध्याकाळचीच असेल तर चार ते सात, पण मग सकाळ नाही. तीन तासांत शिकायलाही मिळेल आणि अकरावीची पुस्तकं उघडायलाही वेळ उरेल.

आणि ‘काम बघून देऊ काहीतरी’ याला तिथल्या तिथे उत्तर दे. “काका, चार दिवस काम बघा, पण तासाचे किती देणार ते आज सांगा” असं म्हण. गोव्यात कामगारांसाठी सरकारने किमान वेतन ठरवलेलं आहे. सध्याचा दर पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कळतो. बाबा गवंडीकामावर असल्यामुळे त्यांना अंदाज असेलच. त्याहून फारच कमी आकडा निघाला तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणून बाहेर पड. मालक चांगले असतील आणि त्यांनी सहज म्हटलं असेल तर ते आकडा सांगतील. आकडा सांगायची टाळाटाळ झाली तर ते दुकान तुझं नाही.

त्या दिवशी बाबांना बरोबर ने. १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने धरला जात नाही, तेव्हा सही करायची वेळ आलीच तर ती बाबांनी करायची आहे. पण त्यांना नेण्याचं माझं खरं कारण दुसरं आहे. आपली मुलगी दुसऱ्याच्या दुकानात ताठ उभी राहून मजुरी ठरवते आहे, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. तिथे त्यांना बोलू देऊ नकोस; तू बोल.

कागदपत्रांचं एक सांगायचं राहिलं. आधारची आणि दहावीच्या मार्कशीटची झेरॉक्स द्यायला हरकत नाही, मूळ कागद कोणाकडे ठेवायला देऊ नकोस. ॲडमिशनच्या वेळी तेच लागतात, आणि अडवून ठेवायचं म्हटलं तर तेच अडवले जातात. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. बँकेत तुझं स्वतःचं खातं उघड. १० वर्षांवरच्या मुलांना बँकेच्या मर्यादेत स्वतः खातं वापरता येतं. रोख मिळाली तर शंभर पानी वहीत लिही: तारीख, आले किती वाजता, सुटले किती वाजता, मिळाले किती. त्यापुढे मालकांची सही. रोज नको, आठवड्याला एकदा पुरे.

समजा दुकानाचं जमलं नाही. तरी तुझ्याजवळ एक काम आहे, आणि मला ते दुकानाहून मोलाचं वाटतं. तू गावच्या सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीतून शिकली असशील आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात गेली असशील. पाचवीचा पहिला महिना आठव. बाई गणितच शिकवत होत्या, बेरीज तीच होती, पण ‘ॲड’ म्हणजे बेरीज हे कळेपर्यंत तास संपायचा. तुझ्या वाड्यावर या जूनमध्ये पाचवीला जाणारी चार-पाच मुलं नक्की असतील. त्यांच्या आयांकडे जा आणि सांग, मेमध्ये रोज सकाळी दीड तास मी यांना बसवते. व्याकरण शिकवू नकोस. गणितात आणि विज्ञानात येणारे शे-दीडशे शब्द, आकडे इंग्रजीत वाचणं, फळ्यावरचं वाक्य उतरवून घेणं आणि ‘टीचर, मला कळलं नाही’ हे इंग्रजीतून न घाबरता म्हणणं, एवढं त्यांना आलं तरी पुष्कळ. मराठीतून तिथे कसं पोचायचं हे शहरातल्या क्लासवाल्यांपेक्षा तुला चांगलं माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी तू तिथूनच आलीस. प्रत्येक मुलामागे महिन्याचे किती ते पहिल्या दिवशीच सांग. शेजारीपाजारी पैशांचं बोलणं दुकानातल्यापेक्षा अवघड जातं, म्हणून सांगते. आणि हा वर्ग तुमच्याच पडवीत भरेल. बाबांच्या मनातला ‘दुसऱ्याच्या दाराचा’ प्रश्न तिथे उरतच नाही.

आणखी दोन गोष्टी नुसत्या सुचवते. मे महिना पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या, सोलं, मीठ, कांद्यांच्या माळा घ्यायला माणसं पावसाच्या आधी गर्दी करतात. घरी भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, झाड असेल तर सोलं करून वाळवणं हे आईबरोबरचं काम आहे. मीठ नीट लागलेली, काळीभोर, बी नसलेली सोलं लोक शोधत असतात. पाव किलोची पाकिटं करून दे, दर वेगळा सांगता येतो. त्यातला तुझा वाटा किती हे आईशीही आधी ठरव. हसू नकोस, आईशीसुद्धा ठरवावं.

दुसरं, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीच्या चित्रशाळा, जिथे गणपती घडवतात. अकरावी सुरू झाल्यावर रविवारी जाता येईल असं हे काम आहे. तुझा हात चित्राचा असेल तर जूनमध्येच जाऊन विचार. सुरुवातीला माती मळणं, साच्यातून काढलेल्या मूर्तीच्या सांध्यांवरून ओलं बोट फिरवणं, सुकल्यावर पॉलिशपेपर मारणं एवढंच मिळेल. डोळ्यांची आखणी मुख्य कारागीर स्वतः करतात आणि ती बघत उभं राहायला मिळतं तेही कमी नाही. पण चवथ जवळ आली की चित्रशाळा रात्रभर जागतात. तेव्हाही तुझी वेळ सातची.

फीचं म्हणशील तर महिन्याभरात निम्मी जमेल असं मी सांगणार नाही. दिवसाला तीन तासांत तेवढं कदाचित होणार नाही. जमेल ते भर, आणि पहिल्या पगारातले थोडे पैसे स्वतःवर खर्च कर. सगळेच्या सगळे घरात दिलेस तर बाबांना ते घेताना जड जाईल.

ता. क.मध्ये कपड्यांचं विचारलंस. दुकानात सतत उभं राहावं लागतं, तेव्हा कपड्यांपेक्षा चपला बघ. जुन्या, सवयीच्या, मऊ तळाच्या घाल, नव्या घालू नकोस. ड्रेस सुती, खिसा असलेला. झेरॉक्सची शाई हाताला लागते, म्हणून फिका रंग नको. पाण्याची बाटली आणि डबा घरून ने. पिशवीत पॅड ठेव, आणि दुकानाला संडास आहे का, नसेल तर जवळ कुठे जायचं, हेही पहिल्याच दिवशी विचार. पगाराइतकंच तेही विचारायचं असतं.

तुझी,
ताई